मु. पो. डब्लिन, मार्गे मुंबई

आमच्या कॉलनीतून परदेशी शिकायला गेलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, तिथली पहिली आठवण कोणती. बर्फ, उंच इमारती, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या असलं काही तो सांगणार नाही. तो सांगेल, बॅग उघडत नव्हती. परका देश, परकी खोली, पोटात कावळे आणि समोर बारदानात शिवलेली बॅग. दातांनी ओढून पाहिलं, किल्लीनं पाहिलं, शेवटी शेजारच्या खोलीतल्या कुणा परदेशी मुलाची भाजीची सुरी मागून आणली. याचं सगळं श्रेय बाबारावजी गिरडकरांचं.

बाबारावजी माझे शेजारी. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी एक भिंत. त्यांची सगळी नोकरी नागपूरच्या बसस्टँडवरच्या पार्सल ऑफिसात झाली. उमरेडच्या लुगड्यांचे गठ्ठे, भिवापूरच्या मिरचीची पोती, कामठीचं कापड, कुणाच्या लेकीचं रुखवत, जे जे म्हणून बसच्या टपावर चढायचं ते त्यांच्या हाताखालून जायचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, बागेत गोल उभं राहून हसण्याचा व्यायाम करतात. बाबारावजी ओट्यावर बसून कॉलनीतल्या दारांकडे बघत राहिले, कुठं काही बांधायचं आहे का. आणि नेमकी त्याच सुमारास आमची पोरं परदेशी जायला लागली.

पूर्वी आमच्याकडे पोरगा पुण्याला गेला तरी आई आठवडाभर धड जेवत नसे. आता घरटी एक जर्मनी, आयर्लंड, नाहीतर कॅनडा निघाला. कॉलनीच्या फाटकावर फ्लेक्स लागू लागले. त्यात जाणाऱ्या मुलाचा फोटो पासपोर्टाएवढा आणि शुभेच्छा देणाऱ्या पुढाऱ्याचा कमरेपर्यंत. पोरगं नेमकं काय शिकायला चाललंय, हे बहुतेक आईबापांना सांगता येत नसे. "डेटाचं काहीतरी" एवढं म्हटलं की सांगणाऱ्याचंही भागे आणि ऐकणाऱ्याचंही. बाबारावजींना तर तेवढंही लागत नसे. वानखेड्यांचा साहिल जर्मनीला निघाला तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, "साहिल कशाला चाललाय हो?"

"तेवीस किलोले," ते म्हणाले. "आन हातातली सात."

त्यांना बोलवावं लागत नसे. व्हिसा आल्याची बातमी भिंतीवरून ऐकली की दुसऱ्या दिवशी ते खाकी शर्टात हजर. खिशात पेनच्या टोपणात खोचलेलं दाभण, काखेत बारदान, हातात सुतळीचं बंडल. घरात शिरल्या शिरल्या आधी ते माणसं बाहेर काढत. "आई कोन? तुमी? जा, चहा मांडा. बाप? तुमी फॅन लावा आन बाहेर बसा. पोट्टं राहू द्या." मग त्या मुलाला पलंगावर एकेक वस्तू मांडायला लावून ते स्टुलावर बसून न्यायनिवाडा करत. गरम कपडे त्यांच्या लेखी "हवा" होते. पुस्तकं त्यांना मुळीच आवडत नसत, कारण त्यांचे कोपरे टोचतात. "तिकडं पुस्तकं भेटत नसन तं कायले चालला गा?" असं विचारत ते पुस्तकं बाजूला काढून ठेवत.

कॉलनीतल्या बायका मात्र या स्टुलाला टरकून असत. कुणाचंही पोरगं निघालं की आपापल्या पोरांसाठी पुड्या घेऊन त्या दारात उभ्या राहायच्या. एकीचा मुलगा बर्लिनला, निघालेला म्युनिकला, पण दोन्ही जर्मनीतच ना, मग तेवढा चिवडा नेऊन द्यायला काय हरकत आहे? नागपूरहून कामठीला डबा धाडावा इतक्या सहजपणे ही विनंती होत असे. बाबारावजी पुडी हातात घेऊन तिचं वजन अंदाजत आणि परत करत. "बाई, हे पोट्टं शिकाले चाललं. तुमचा किराना पोचवाले नाही." हे ऐकून आम्ही पुरुष मंडळी मनातून खूश होत असू. मात्र भिवापुरी तिखटाची पिशवी, कुकर आणि त्यांच्या स्वतःच्या तर्फे एक पुडकं हे प्रत्येक बॅगेत जायचंच. पुडक्यात काय, तर एक नवं दाभण, सुतळीचं बंडल आणि बारदानाचा घडी केलेला तुकडा. "वापस येताना सामान शिवाले लागन ना," हे त्यावरचं स्पष्टीकरण. इतकी पोरं गेली. एकानंही ते दाभण वापरल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बॅग भरून झाली की परीक्षा असे. ती उचलून ते ओट्याच्या कडेवर ठेवत आणि खाली अंगणात ढकलून देत. एकदा आडवी, एकदा उभी, एकदा कोपऱ्यावर. हमाल फेकणारच, मग आपणच का फेकू नये, असा त्यांचा सरळ हिशोब. साहिलच्या वेळी तिसऱ्या फेकीला आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला. उघडून बघतो तर आईनं कोटाच्या बाहीत लपवून ठेवलेली लोणच्याची बरणी फुटलेली आणि साहिलनं मुलाखतीसाठी शिवून घेतलेला पांढरा शर्ट मोहरीच्या तेलात न्हालेला. वानखेडेबाई तोंडाला पदर लावून उभ्या. बाबारावजींचा चेहरा मात्र उजळला.

"इथं फुटली म्हनून दिसली," ते म्हणाले. "तिकडं फुटली असती तं कोनाच्या बापाले समजलं असतं?"

आणि गंमत म्हणजे वानखेड्यांनी त्यांचे आभार मानले. मी तिथेच होतो. आमच्याकडे कुणी ठासून बोललं की नुकसान झालेला माणूसच आभार मानतो.

त्यानंतर शिवण. बॅग बारदानात गुंडाळून ते मांडी घालून बसत आणि दाभण चालवू लागत. सुतळीचं दुसरं टोक धरायला त्यांची नात मिनू. शाळेत जायच्या वयापासून हे काम तिचंच. मिनूचे वडील चंद्रपूरला नोकरीला, शनिवार-रविवारी येणार. आई सुषमा शाळेत शिकवणारी. त्यामुळे पोरगी आजोबांच्या ओट्यावरच वाढली. तिला बाराखडी आणि टाके एकाच वेळी आले असावेत. साहिलची बॅग शिवताना मी म्हटलं, "बाबारावजी, जरा सैल शिवा. तिकडं गेल्यावर पोराला उघडायची आहे."

"प्राध्यापक," ते म्हणाले. मी एका कॉलेजात इतिहास शिकवतो, आणि माझा मूर्खपणा दाखवायचा असला की ते मला याच नावानं हाक मारत. "जानाऱ्या पार्सलले पक्का टाका. कच्चा टाका फक्त वापसीच्या मालाले."

"वापसीचा माल म्हणजे?"

उत्तर मिनूनं दिलं, टोक न सोडता. "जे परत येणार हे आधीच माहीत असते ना काका, ते. भांडलेल्या सासरी साडी पाठवली, ते घेतच नाहीत. मग ती परत आपल्याच ऑफिसात येते. आन आपल्यालेच उसवावं लागते. म्हनून आबाजी तिले सैल शिवायचे."

"पाह्य," आबाजी मला म्हणाले. "पोट्टीले समजते."

शिवण संपली की ऑइलपेंटनं पत्ता. चारही बाजूंना, ठसठशीत मराठीत. आणि पार्सलवर 'मार्गे' लिहिल्याशिवाय माल पोचत नाही, अशी त्यांची खात्री असल्यामुळे साहिलच्या बॅगेवर 'मु. पो. म्युनिक, मार्गे मुंबई' असं लिहिलं गेलं. खाली बाण काढून 'ही बाजू वर'. म्युनिकच्या विमानतळावरचे हमाल ते वाचून बॅग सरळ ठेवतील, याविषयी त्यांना शंका नव्हती. बॅग पोचली, मग पत्त्यामुळेच पोचली. आठवडाभरानं साहिलचा फोन आला की बॅग उघडायला तास लागला आणि बोट कापलं. बाबारावजींनी ही बातमी कॉलनीभर सांगितली. बोटाची नाही, तासाची.

एवढं सगळं आम्ही हसून सहन केलं असतं. त्यांची एक सवय मात्र जिव्हारी लागायची. विमानतळावर सोडायला आमच्याकडे एक गाडी कधी पुरत नाही. मावशा, आत्या, गल्लीतले दोन म्हातारे, सगळे जातात, आणि पोरगं काचेच्या दारातून आत गेलं की काचेला नाक लावून उभे राहतात. बाबारावजी पोरगं दाराशी पोचायच्या आधीच पाठ फिरवत. तिकडं बघत नसत आणि दुसऱ्यालाही बघू देत नसत. "चला, चला. गाडी लागली. आपलं काम संपलं. उतरवनं तिकडच्या मानसाचं काम." वानखेडेबाई साहिलला बघत काचेशी उभ्या होत्या, तर यांनी त्यांना चक्क दंडाला धरून मागं आणलं. "सुटलेल्या गाडीकडं पाहाचं नाही, बाई. पाहात राहते तो मानूस दुसरी गाडी लोड नाही करत."

"माझी दुसरी गाडी नाही हो, बाबारावजी," बाई म्हणाल्या. "एकच पोरगा आहे."

त्यानंतर बरेच महिने त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बाबारावजींना त्यात आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. मला त्यांचा राग आला होता, हे मी इथं सांगून टाकतो. दुसऱ्याचं पोरगं म्हणजे पार्सल, असं समजणं सोपं असतं.

मग मिनूचं परदेशी जायचं ठरलं.

डब्लिनचं पत्र आलं तेव्हा पेढे वाटायला सगळ्यांत पुढे बाबारावजी. पण व्हिसा हातात आला तसा त्यांचा सूर बदलू लागला. आयर्लंडला थंडी असते, हा शोध त्यांना तेव्हा लागला. कुणाचं तरी विमान उशिरा सुटल्याची बातमी ते रोज भिंतीवरून मला वाचून दाखवू लागले. साहिलच्या कोटाला "हवा" म्हणणारा हा माणूस मिनूच्या स्वेटरची वीण बोटांनी ताणून बघू लागला. आणि बॅगेचं नाव काढलं की, "घाई काय आहे?"

शेवटी मिनूनं स्वतःच जांभळ्या रंगाची एक टणक बॅग आणली. आकड्यांचं कुलूप, चार चाकं. बाबारावजींनी तिच्यावर टिचकी मारली.

"हिले बारदान काहून लावाचं? हे तं घसरते."

"लावायचंच नाही, आबाजी. हिले शिवण लागत नाही."

म्हाताऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण परीक्षा कशी चुकणार? ओट्यावरून बॅग तीनदा फेकली. काही झालं नाही. पुन्हा तीनदा फेकली. तरी नाही. तेव्हा ते ती बॅग घेऊन जिना चढले. मी माझ्या अंगणातून "अहो, अहो" म्हणेपर्यंत जांभळी बॅग गच्चीवरून खाली आली आणि तिचं एक चाक उडून माझ्या जास्वंदीत पडलं.

सुषमा धावत बाहेर आली. "बाबा! हे काय करून राहिले तुमी? नवीकोरी बॅग!"

"नापास," वरून आवाज आला. इतका प्रसन्न आवाज मी त्या महिन्यात पहिल्यांदाच ऐकला. "अशी बॅग घेऊन पोट्टी कशी जाईन? पुढच्या वर्षी पाहू."

आता मला सांगा, विमान काय गच्चीवरून सामान फेकतं? पण ते म्हणायची हिंमत आमच्यापैकी कुणाची नव्हती. मिनूची होती. तिनं भिंतीवरून वाकून ते चाक उचललं, ओट्यावर ठेवलं आणि वर बघून शांतपणे म्हणाली, "बॅग नापास झाली, आबाजी. मी नाही झाली. मी जाऊन राहिली."

ती माळ्यावर चढली आणि वडिलांची जुनी कापडी बॅग काढून धूळ झटकत आली. "ही भरते. तुमी शिवा. पण पक्की शिवा."

निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी ती शिवली. दार लावून घेतलं. मिनू नेहमीप्रमाणे सुतळीचं टोक धरायला गेली, तर तिलाही बाहेर काढलं. "मले उजेड लागते. तू मधात येते." संध्याकाळी बॅग ओट्यावर आली. चारही बाजूंना रंग ओला होता. 'मु. पो. डब्लिन, मार्गे मुंबई' होतंच, पण त्याच्या खाली 'पाठवणार : बा. रा. गिरडकर, नागपूर' हे दुप्पट मोठ्या अक्षरांत. मी थट्टेनं म्हटलं, "बाबारावजी, माल कुठं जाणार ते बारीक आणि कुठून आला ते एवढं मोठं?" त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण ठोकून बसवलं. ओट्यावरून फेकायची परीक्षा त्यांनी या बॅगेची घेतली नाही, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

विमानतळावर जाताना मिनू आणि बाबारावजी माझ्या गाडीत होते. ऑगस्टमधलं ते नागपूरचं चिकट ऊन, दुपारची वेळ. मिनूचे आईवडील आणि इतर मंडळी मागच्या गाडीत होती, ती फाटकाशी अडकली. मी डिकी उघडली, मिनूनं बॅग वरच्या बारदानाला धरून ओढली, आणि शिवण उसवली. फाटली नाही. अलगद सुटत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बारदान दोन्हीकडे गळून पडलं आणि आतली जुनी बॅग उघडी पडली.

ज्यांचा टाका उघडायला कॉलनीतल्या पोरांना सुऱ्या मागाव्या लागल्या, त्या बाबारावजींचा टाका.

मिनू खाली बसली. सुटलेली सुतळी तिनं बोटांत घेतली, लांबच लांब टाके बघितले. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आबाजी," ती म्हणाली, "हा वापसीचा टाका आहे."

"सुतळी कच्ची निघाली," बाबारावजी दुसरीकडे बघत म्हणाले. "आताशा मालच तसा येते."

"सुतळी चांगली आहे."

"मंग हात चालत नाही आता. म्हातारा झालो मी."

मिनूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पोरगी त्यांच्याच ओट्यावर वाढलेली. "मी भांडून चालली का, आबाजी?" तिनं विचारलं. "तिकडचे मले घेणार नाहीत असं वाटून राहिलं का तुमाले? मग साहिलले पक्का टाका आन मले कच्चा, काहून?"

बाबारावजी उभे होते. साहिलच्या आईला दंडाला धरून मागं ओढणारा हा माणूस. त्याला त्या क्षणी कुणीतरी दंडाला धरायला हवं होतं. मला दया आली. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

"खिशात दाभण आहे ना?" मिनू म्हणाली. "बसा."

ते बसले. तिथंच, फुटपाथवर, मांडी घालून. मिनूनं बारदानाच्या कडा जुळवून धरल्या आणि सुतळीचं टोक स्वतःच्या मुठीत घेतलं. दारावरचा जवान आला. "अंकल, इधर नहीं बैठने का. गाडी आगे लो."

"दो टाके बाकी है, साब," बाबारावजी मान वर न करता म्हणाले. दोन कसले, सगळेच बाकी होते. जवानानं बॅगेवरचा पत्ता वाचायचा प्रयत्न केला, मग म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि माझ्या गाडीमागच्या गाडीवर ओरडायला निघून गेला.

दाभण आत जायचं, बाहेर यायचं, सुतळी करकरून ओढली जायची. शेवटची गाठ त्यांनी दोनदा मारली, दातांनी सुतळी तोडली आणि गाठीवर अंगठा दाबून धरला, जरा जास्तच वेळ. तोवर मागची मंडळी धावत आली. सुषमानं मिनूला मिठी मारली, वडिलांनी ट्रॉली आणली. मिनू आबाजींच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्यात अजून दाभण होतं.

"जाय," ते म्हणाले. "गाडी लागली."

आणि त्यांनी पाठ फिरवली. नेम म्हणजे नेम. बाकी सगळे काचेकडे पळाले, आणि या वेळी त्यांनी कुणालाच ओढून आणलं नाही. ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, हात मागं बांधून. मी त्यांच्या शेजारी होतो, पण माझं तोंड दाराकडे. पुढच्याच महिन्यात माझी नाशिकला बदली झाली, त्यामुळे बाबारावजी म्हटलं की मला अजून ते असेच दिसतात, विमानतळाला पाठ करून.

"प्राध्यापक," ते हळूच म्हणाले. "गेली का आत?"

"गेली."

"दिसून राहिली का?"

"दिसतेय. बॅग पट्ट्यावर ठेवतेय."

खरं म्हणजे काचेवर ऊन पडलं होतं आणि मला त्यात आमच्याच गाड्या दिसत होत्या.

"टाका?"

"धरलाय. एकदम पक्का."

बाबारावजींनी मान हलवली. मग खिशातलं टोपण काढलं आणि दाभण त्यात बसवू लागले. ते काही केल्या बसेना.

"धरनच," ते म्हणाले. "आता तो कोनालेच नाही सुटत."